ऑब्जेक्ट तयार करण्यासाठी कोणता डिझाइन पॅटर्न केव्हा निवडावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला आहे: फॅक्टरी मेथड, अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी, बिल्डर, प्रोटोटाइप आणि सिंगलटन हे पाचही डिझाइन पॅटर्न (प्रोग्राम लिहिताना वारंवार येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या रचना) तुम्ही अभ्यासले आहेत, प्रत्येकाचे छोटे उदाहरण लिहूनही पाहिले आहे, परंतु वेगवेगळ्या स्वरूपांत अहवाल तयार करणारे मॉड्यूल लिहायला घेतल्यावर यांपैकी कोणता वापरावा हे ठरत नाही, कारण शेवटी सगळेच ऑब्जेक्ट तयार करून देतात.

ही अडचण पॅटर्नच्या नावांपासून सुरुवात केल्यामुळे येते. सुरुवात वापरणाऱ्या कोडपासून करावी आणि त्याच्याविषयी एकच गोष्ट विचारावी: हे ऑब्जेक्ट मिळवताना या कोडला काय माहीत असण्याची गरज नाही? नेमका कोणता क्लास वापरला जातो हे त्याला कळायला नको असेल तर उत्तर एक येते, जोडणीचे टप्पे कळायला नको असतील तर दुसरे येते, आणि लपवण्यासारखे काहीच नसेल तर साधा कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासचे ऑब्जेक्ट थेट तयार करणारा त्याचाच कोड, पुरतो. शेवटची शक्यता बहुतेक जण फार लवकर सोडून देतात. क्लास एकच आहे, पॅरामीटर दोन-तीन आहेत आणि तो बदलण्याचे काही कारण दिसत नाही, अशा वेळी थेट कन्स्ट्रक्टर वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

कन्स्ट्रक्टर अपुरा पडू लागला की पुढची पायरी म्हणजे स्टॅटिक फॅक्टरी मेथड: थेट क्लासच्या नावावर बोलावता येणारी आणि ऑब्जेक्ट देणारी मेथड. १९९४ साली चार लेखकांनी संकलित केलेल्या २३ पॅटर्नमध्ये ऑब्जेक्टनिर्मितीचे म्हणून जे पाच आहेत त्यांत ही येत नाही, पण रोजच्या कामात मला सर्वांत उपयोगी हीच वाटते. तुमच्या मॉड्यूलमध्ये एक अहवाल महिन्याच्या क्रमांकावरून आणि दुसरा वर्षावरून तयार करायचा आहे असे समजा. दोन्हीकडे पॅरामीटर एकच, तोही पूर्णांक. त्यामुळे जावासारख्या भाषेत असे दोन कन्स्ट्रक्टर एकाच क्लासमध्ये लिहिताच येत नाहीत. ‘महिन्याचा’ आणि ‘वर्षाचा’ अशा दोन स्टॅटिक मेथड लिहिल्या की अडचण संपते आणि वाचणाऱ्यालाही हेतू कळतो. शिवाय अशी मेथड दर वेळी नवे ऑब्जेक्ट देण्यास बांधलेली नसते. जावातील इंटिजर क्लासची व्हॅल्यूऑफ मेथड उणे १२८ ते १२७ या मर्यादेतील संख्यांसाठी आधीच तयार असलेली ऑब्जेक्ट परत देते, आणि वापरणाऱ्याला त्याची दखलही घ्यावी लागत नाही.

फॅक्टरी मेथड हे नाव मात्र यापेक्षा वेगळ्या गोष्टीसाठी आहे आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. त्या पॅटर्नमध्ये मूळ क्लास कामाचा क्रम ठरवतो आणि त्या क्रमातील ऑब्जेक्ट तयार करण्याची एक पायरी सबक्लासवर (मूळ क्लासचा वारसा घेणाऱ्या क्लासवर) सोपवतो. जावातील संग्रहांची इटरेटर (संग्रहातील घटक एकेक करून देणारे ऑब्जेक्ट) देणारी मेथड हे त्याचे चांगले उदाहरण आहे: अ‍ॅरेलिस्ट आपला इटरेटर देते, लिंक्डलिस्ट आपला देते, आणि फॉर लूपला त्यांतला फरक ठाऊकही नसतो. तुमच्याकडे माहिती गोळा करणे, गाळणे आणि लिहिणे हा क्रम सगळ्या अहवालांना समान असेल आणि फक्त लिहिणारा घटक वेगळा असेल, तर हा पॅटर्न शोभेल. पण केवळ ती एक पायरी बदलण्यासाठी प्रत्येक स्वरूपाचा सबक्लास करावा लागत असेल, तर लिहिणारा घटक तयार करणारे फंक्शनच पॅरामीटर म्हणून द्यावे. आजच्या बहुतेक भाषांत ते सहज जमते.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरीची गरज तेव्हाच भासते जेव्हा तयार होणारी ऑब्जेक्ट एकमेकांशी जुळणाऱ्या संचाची असतात. पीडीएफचा तक्ता, पीडीएफचा आलेख आणि पीडीएफचे शीर्षपान एकत्रच यायला हवेत, त्यांत चुकून एक्सेलचा तक्ता मिसळता कामा नये, ही अट खरोखर असेल तर हा पॅटर्न ती पाळवून घेतो. मात्र त्याची किंमत आधी लक्षात घ्यावी. नवा संच जोडणे सोपे असते, कारण इंटरफेस (प्रत्येक फॅक्टरीत कोणत्या मेथड हव्यात याची यादी) पूर्ण करणारी आणखी एक फॅक्टरी लिहिली की झाले. पण संचात नवा घटक, उदाहरणार्थ तळटीप, घालायचा झाला की इंटरफेस बदलतो आणि त्यासोबत प्रत्येक फॅक्टरी बदलावी लागते. तुमच्याकडे स्वरूपे वाढणार आहेत की अहवालातील घटक, हे ठरल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

बिल्डरबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मॉड्यूलला त्याचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. अहवाल(शीर्षक, आरंभ, अखेर, ट्रू, फॉल्स, नल, ३०) अशी ओळ डोळ्यांसमोर आणा. यातील ट्रू आलेखासाठी आहे की बेरजेच्या ओळीसाठी, हे क्लास उघडल्याशिवाय कळत नाही. दोन्हींची अदलाबदल झाली तरी कंपायलर हूं की चूं करत नाही आणि चूक थेट छापलेल्या अहवालात दिसते. बिल्डरमध्ये प्रत्येक मूल्य नावानिशी येते आणि सगळी मूल्ये हाती आल्यावर बिल्ड मेथडमध्ये एकत्रित तपासणी करता येते: आरंभाची तारीख अखेरच्या तारखेनंतरची तर नाही ना, आलेख मागितला असेल तर त्याचा स्तंभ दिला आहे का. तपासणीतून पार पडलेले ऑब्जेक्ट पुढे न बदलणारे ठेवता येते. जावा ११ मधील एचटीटीपी रिक्वेस्ट याच पद्धतीने तयार होते.

येथे दोन गोष्टी जपाव्यात. अनिवार्य मूल्ये बिल्डरच्या स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमध्येच मागावीत, म्हणजे ती विसरली जाणे शक्यच राहत नाही. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे: स्तंभांची यादी बिल्डरकडून ऑब्जेक्टकडे देताना तिची प्रत करावी. प्रत न करता तीच यादी सोपवली आणि नंतर कोणी त्याच बिल्डरमध्ये आणखी एक स्तंभ घातला, तर आधीच तयार होऊन बाहेर गेलेल्या, न बदलणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या अहवालातही तो स्तंभ अवतरतो. तुम्ही पायथन, कोटलिन किंवा सी शार्पमध्ये लिहीत असाल तर नावानिशी पॅरामीटर देण्याची सोय भाषेतच आहे आणि बिल्डरची निम्मी गरज तिथेच भागते. टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती जमत असेल तरच तिथे तो लिहावा.

प्रोटोटाइप म्हणजे तयार ऑब्जेक्टची प्रत काढून त्यात बदल करणे. वापरकर्त्याने साठवलेल्या नमुना अहवालावरून नवा अहवाल काढायचा असेल तर तो योग्य आहे. प्रत वरवरची आहे की आतल्या ऑब्जेक्टांसह, हे आधी ठरवावे, आणि जावात क्लोनऐवजी प्रत करणारा कन्स्ट्रक्टर लिहावा. क्लोन मेथड मूळ कन्स्ट्रक्टर चालवत नाही, त्यामुळे त्यातील तपासण्याही होत नाहीत.

सिंगलटनबाबत माझे मत ठाम आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: ऑब्जेक्ट एकच असावे, आणि ते कोडच्या कोणत्याही कोपऱ्यातून थेट मिळावे. पहिली गरज अनेकदा खरी असते, दुसरी सहसा नसते आणि त्रास तिचाच होतो. एखादा क्लास डेटाबेसवर अवलंबून आहे हे त्याच्या कन्स्ट्रक्टरवरून दिसत नाही, आणि युनिट टेस्ट (एकेका क्लासची स्वतंत्र चाचणी) लिहिताना खऱ्या डेटाबेसच्या जागी बनावट ऑब्जेक्ट देण्याचा सरळ मार्ग उरत नाही. त्याऐवजी प्रोग्रामच्या सुरुवातीला ते ऑब्जेक्ट एकदाच तयार करावे आणि ज्यांना लागते त्यांना कन्स्ट्रक्टरमधून द्यावे. जावातील स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क हेच काम कंटेनरकडे, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून जोडून देणाऱ्या आपल्या भागाकडे, सोपवतात. जावात सिंगलटन लिहावाच लागला तर एकच घटक असलेला ईनम (ठरावीक घटकांचाच प्रकार) वापरावा. थ्रेड (एकाच वेळी चालणारे कोडचे प्रवाह) आणि सीरियलायझेशन (ऑब्जेक्ट साठवून पुन्हा उभे करणे) यांच्या बाबतीत तो सुरक्षित राहतो.

आता तुमचे मॉड्यूल. अहवालाच्या विनंतीसाठी बिल्डर किंवा नावानिशी पॅरामीटर घ्या. स्वरूपाच्या नावावरून लिहिणारा घटक निवडण्यासाठी एक मॅप (नाव आणि त्याचा घटक अशा जोड्यांची नोंद) ठेवणारा साधा फॅक्टरी क्लास पुरेल. नवे स्वरूप आले की त्या मॅपमध्ये एक नोंद वाढेल आणि बाकी कोडला हात लावावा लागणार नाही. डेटाबेसची जोडणी सुरुवातीला तयार करून आत द्या. अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी आज लिहू नका. तक्ता, आलेख आणि शीर्षपान निवडताना ‘स्वरूप पीडीएफ असेल तर’ अशी तीच अट वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा लिहावी लागू लागली, की त्या सगळ्या अटी उचलून एका फॅक्टरीत नेता येतील, आणि तोपर्यंत संचात कोणकोणते घटक लागतात हेही तुम्हाला नेमके ठाऊक झालेले असेल.