जुन्या धाटणीच्या घरातील दिवे आणि आपत्कालीन निधी

आपले घर जुन्या धाटणीने बांधलेले असून त्यातील कोरीव खांब, कोनाडे आणि चित्रे उठून दिसावीत यासाठी 4 पितळी भिंतदिवे, एक झुंबर आणि 10 छोटे हॅलोजन दिवे घेण्याचा आपला विचार आहे. या संचाची किंमत 3 महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. ती 6 महिन्यांच्या आपत्कालीन निधीतून रोख देऊन 8 टक्के सूट घ्यावी, की 12 बिनव्याजी हप्त्यांत फेडावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही मार्ग टाळावेत. आजारपण किंवा नोकरी जाणे यांसाठी राखलेला निधी दिव्यांसाठी निम्मा करणे मला पटत नाही. हप्तेही नावापुरतेच बिनव्याजी आहेत, कारण रोखीने 92 ला मिळणारी वस्तू आपण 100 ला घेणार आहात आणि पहिला हप्ता महिन्याभराने द्यायचा धरला तर त्या फरकाचा वार्षिक व्याजदर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय आपली मासिक बचत घरखर्चाच्या पाचव्या हिश्श्याइतकी आहे आणि हप्ता मात्र चौथ्या हिश्श्याइतका येईल, म्हणजे दर महिन्याला तूट पडेल.

घर सुंदर दिसावे ही आपली इच्छा मला पूर्णपणे रास्त वाटते. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. दिवे बचतीतूनच, टप्प्याटप्प्याने घ्यावेत, पण आधी वायरिंग करून घ्यावे, कारण दिवा केव्हाही बदलता येतो, मात्र रंगरंगोटी झालेली भिंत पुन्हा खाचणे किंवा कोरीव लाकडाजवळून नव्याने तार नेणे यात पैसा आणि नक्षी दोन्ही जातात. खोलीचा सर्वसाधारण प्रकाश आणि नक्षीवरचा प्रकाश यांची बटणे वेगळी ठेवून दोन्हींना डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारी बटणे, बसवावीत. एखादी वस्तू ठळकपणे उठून दिसण्यासाठी तिच्यावरचा प्रकाश आजूबाजूच्या प्रकाशाच्या साधारण तिप्पट असावा, असा प्रकाशयोजनेतील ठोकताळा आहे. खोली लख्ख उजळलेली असेल तर ही तिप्पट गाठण्यासाठी अधिक आणि जास्त क्षमतेचे दिवे घ्यावे लागतात. तोच भोवतालचा प्रकाश मंद केला तर थोडक्या दिव्यांत काम होते. मेणबत्ती आणि तेलाच्या दिव्यांच्या काळातील खोल्या मंदच असत, त्यामुळे कमी खर्चाचा हा मार्ग आपल्या घराला शोभणाराही आहे.

हॅलोजन मात्र घेऊ नयेत. 50 वॅटचे 10 दिवे रोज 4 तास लावले तर वर्षाला 730 युनिट वीज लागते, तर जवळपास तितकाच प्रकाश देणाऱ्या 7 वॅटच्या एलईडींना सुमारे 102 युनिट पुरतात. प्रकाशाची रंगछटा 2,700 केल्विन किंवा त्याहून उबदार (आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर) आणि रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे 100 पैकी माप, 90 च्या वर असावा, म्हणजे लाकूड आणि पितळ निस्तेज दिसणार नाही. एलईडी आतच कायमचा बसवलेले फिटिंग टाळावे, कारण तो बिघडला की बहुधा अख्खे फिटिंग बदलावे लागते; साध्या होल्डरात फक्त बल्ब बदलतो. डिमरवर चालणारेच बल्ब घ्यावेत, नाहीतर ते लुकलुकतात.

चित्रांबाबत एक काळजी घ्यावी. जलरंग आणि कापड यांच्यासाठी संग्रहालये साधारण 50 लक्सची (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) मर्यादा पाळतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. आपल्याकडचे चित्र मौल्यवान असेल तर त्याच्या तोंडाशी लावलेला प्रखर दिवा दिव्याच्या किमतीहून मोठे नुकसान करू शकतो.

विक्रेत्याने हा खर्च ‘गुंतवणूक’ म्हणून सांगितला असल्यास ते मनावर घेऊ नये. जुन्या घडणीची नक्कल असलेला नवा दिवा पुन्हा विकताना सहसा फार थोडी किंमत आणतो. झुंबर मी सर्वांत शेवटी ठेवेन; त्याची तार आणि छतातील भक्कम आकडा आताच बसवून घ्यावा. विक्रेत्याकडून वायरिंग, डिमर आणि दिवे यांची दरपत्रके वेगवेगळी मागवावीत, आणि पहिल्या टप्प्यासाठी फक्त वायरिंगचीच रक्कम मंजूर करावी.