कान, शेपूट, आवाज: कात्री नक्की कुणासाठी?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयाभोवती फिरतायत, पाळलेल्या कुत्र्याचं अमुक ऑपरेशन करावं की करू नये. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हेच घेतले. उत्तरं देताना मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासलीय, ती आधीच सांगून टाकते: या कापाकापीतून त्या कुत्र्याला स्वतःला काय मिळणार आहे?

प्रश्न: आमच्याकडे डॉबरमनचं दोन महिन्यांचं पिल्लू आलंय. ब्रीडर म्हणतो आत्ताच कान कापून घ्या, नंतर उभे राहत नाहीत, आणि नाही कापले तर कानात सारखं इन्फेक्शन होईल. मुलगी नको म्हणते, मिस्टर म्हणतात लोंबत्या कानांचा डॉबरमन डॉबरमन वाटतच नाही. काय करू?

मुलीचं ऐका.

आधी इन्फेक्शनचं बोलू, कारण ते ऐकलं की माणसाला वाटतं अरे हे तर तब्येतीसाठीच आहे. कानाचं इन्फेक्शन बहुतेक वेळा ॲलर्जीमुळे होतं, नाहीतर आत ओलावा राहिल्यामुळे, कानाची नळी अरुंद असल्यामुळे. लोंबत्या कानात हवा कमी खेळते हे खरंय, पण मग कॉकर स्पॅनियलचं काय? त्याचे कान केवढे लांब आणि जड, कानाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत तो कायम पुढे, तरी त्याचे कान कापा असं एकही ब्रीडर म्हणत नाही, कारण त्याचे तेच कान लोकांना गोड वाटतात. म्हणजे प्रश्न इन्फेक्शनचा नाहीचे, दिसण्याचा आहे.

आता ऑपरेशन काय असतं ते नीट वाचा, मिस्टरांनाही वाचून दाखवा. पिल्लू साधारण सात ते बारा आठवड्यांचं असताना त्याला पूर्ण भूल देतात, कानाच्या पाळीचा मोठा भाग कूर्चेसकट कापून टाकतात, कापलेल्या कडेला सगळीकडून टाके घालतात. मग ते कान उभे राहावेत म्हणून आधार लावून चिकटपट्टीने ताठ बांधून ठेवतात, आणि ही पट्टी दर थोड्या दिवसांनी सोडून परत बांधायची, काही आठवडे, कधीकधी काही महिने. जखम ओली असताना पट्टी निघते तेव्हा पिल्लू जे ओरडतं ते ऐकवत नाही. एवढं करून कान उभे राहतीलच याची खात्री नाही, एक उभा एक वाकडा असेही बरेच बघितलेत. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते वय. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकत असतं, माणसाचा हात म्हणजे काय, डोक्याजवळ कुणी आलं तर घाबरायचं की शेपूट हलवायची, हे सगळं याच काळात पक्कं होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्या डोक्याला रोज दुखेल असं करून ठेवतो.

डॉबरमन ही जात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत तयार झाली, राखणीसाठी. हल्ला करणाऱ्याच्या हातात कान सापडू नये असं कारण तेव्हा दिलं जायचं. त्याच जर्मनीत १९८७ पासून कान कापायला बंदी आहे आणि १९९८ पासून शेपूट कापायलाही (शिकारी कुत्र्यांना थोडी सवलत आहे). म्हणजे जिथे ही जात जन्मली तिथल्या आजच्या डॉबरमनचे कान लोंबतेच असतात आणि तो अगदी व्यवस्थित डॉबरमन असतो. तुमच्या घरात बसून कुणी त्याचे कान ओढणार नाहीये. मिस्टरांना सहा महिने थांबायला सांगा, त्या लोंबत्या कानांची सवय होईल आणि सवय झाली की तेच आवडायला लागतील, हे मी कितीतरी घरांत होताना बघितलंय.

प्रश्न: मी दत्तक घेतलेल्या कुत्र्याचे कान आधीच्या मालकाने कापलेले आहेत. फिरायला नेलं की लोक मलाच बोलतात.

लोकांना एका वाक्यात सांगा की असा मिळाला, आणि पुढे चला. काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्या. कुत्रा कान मागे घेतो, पुढे करतो, बाजूला पाडतो, त्यावरून समोरच्या कुत्र्याला याचा मूड कळतो. तुमच्याकडे तो इशारा अर्धाच उरलाय. त्यामुळे अनोळखी कुत्र्याशी भेट घालताना घाई करू नका, लीश सैल ठेवा, थोडं लांबून बघू दे दोघांना. कानाच्या कडेला हात लावला की तो दचकत असेल तर एकदा व्हेटला दाखवा, जुन्या जखमेचा व्रण दुखरा असू शकतो.

प्रश्न: बॉक्सरचं पिल्लू बुक केलंय. ब्रीडर तिसऱ्या दिवशी सगळ्या पिल्लांच्या शेपट्या कापतो. तो म्हणतो इतक्या लहान वयात नसा तयार झालेल्या नसतात, काही दुखत नाही. खरं आहे का?

नाही. नवजात पिल्लांना दुखत नाही ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा जन्मतःच काम करत असतात, उलट ते दुखणं दाबून धरणारी यंत्रणा अजून कच्ची असते. शेपूट कापताना पिल्लू किंचाळतं, मग थोड्या वेळाने आईला चिकटून दूध प्यायला लागतं आणि लोक म्हणतात बघा विसरलं. दूध पितं कारण त्या वयात घाबरलं की पिल्लाला दुसरं काही करताच येत नाही. आणि बहुतेक वेळा हे सगळं बिनभुलीचं होतं. कापलेल्या नसेच्या टोकाला कधीकधी गाठ बनते, ती पुढे दुखत राहू शकते.

दुसरं कारण सांगतात की शेपटीला इजा होते म्हणून आधीच कापलेली बरी. ब्रिटनमध्ये याचा नीट अभ्यास झालाय, २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात हिशेब असा निघाला की एका कुत्र्याची शेपटीची इजा टाळायची तर साधारण ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. झुडपांत घुसून शिकारीचं काम करणाऱ्या स्पॅनियलसारख्या कुत्र्यांत धोका जास्त असतो हे मान्य, स्कॉटलंडने आधी सरसकट बंदी घातली होती आणि २०१७ मध्ये अशा ठरावीक कामकरी कुत्र्यांपुरती ती सैल केली. त्यावर वाद चालू आहे आणि तो वाद मला समजतो. पण तुमचा बॉक्सर सोफ्यावर झोपणार आहे.

शेपटीने काय जातं तेही बघा. कॅनडात दोन संशोधकांनी एक रोबो कुत्रा बनवून त्याला आलटून पालटून लांब आणि आखूड शेपूट लावली आणि खरे कुत्रे त्याच्याशी कसे वागतात ते बघितलं (हा अभ्यास २००८ चा). लांब शेपूट हलत असेल तेव्हा कुत्रे जवळ यायचे, लांब शेपूट ताठ असेल तेव्हा बिचकायचे. आखूड शेपटीला मात्र हलली काय आणि नाही हलली काय, त्यांना फरकच कळत नव्हता. इटलीतल्या संशोधकांना तर असं दिसलं की मालक दिसला की शेपूट जरा उजवीकडे झुकून हलते आणि अनोळखी दांडगा कुत्रा समोर आला की डावीकडे. एवढं बारीक बोलणारा अवयव आपण तिसऱ्या दिवशी काढून टाकायचा, कशासाठी तर जातीच्या नियमावलीतल्या चित्रासारखा दिसावा म्हणून!

आणि आखूड शेपटीचीच हौस असेल तर त्याचाही मार्ग निघालेला आहे. ब्रूस कॅटनाक नावाच्या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने बॉक्सरचा जन्मतः आखूड शेपटीच्या कॉर्गीशी संकर करून, मग पुढच्या पिढ्या परत बॉक्सरशीच जुळवत, कात्री न लावता आखूड शेपटीचे बॉक्सर तयार केले. मला स्वतःला त्याचीही गरज वाटत नाही, पण सुरीपेक्षा ते कितीतरी बरं. ब्रीडरला आत्ताच लिहून कळवा की आमच्या पिल्लाची शेपूट तशीच ठेवा. नाही म्हणाला तर दुसरा ब्रीडर शोधा, जो इथे ऐकत नाही तो पुढेही ऐकणार नाही.

प्रश्न: तुम्ही कान-शेपटीला विरोध करता पण नसबंदीला सगळे व्हेट हो म्हणतात. अख्खे अवयव काढून टाकायचे, तेही आपल्या सोयीसाठी, हे जास्त क्रूर नाही का? आमची लॅब्रॉडॉर मादी आठ महिन्यांची आहे, वडील म्हणतात निसर्गाच्या विरुद्ध आहे.

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाहीये. युरोपात १९८७ साली पाळीव प्राण्यांसाठी एक करार झाला, त्यात शेपूट, कान, आवाज, नखं, दात यांची विनाकारण ऑपरेशनं बंद करा असं म्हटलं आणि दोन अपवाद ठेवले: एक प्राण्याच्या भल्यासाठी किंवा उपचारासाठी लागेल ते, दुसरा प्रजनन रोखण्यासाठी. म्हणजे करार लिहिणाऱ्यांनाही नसबंदी वेगळ्या खणात ठेवावी लागली. पण सगळीकडे तसं नाही, नॉर्वेत निरोगी कुत्र्याची नुसती पद्धत म्हणून नसबंदी करत नाहीत, ठोस कारण लागतं, आणि तिथे कुत्र्यांचा सुळसुळाट झालेला नाही, कारण लोक कुत्री मोकाट सोडत नाहीत.

मग मादीला काय मिळतं? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा आजार, पायोमेट्रा. स्वीडनमध्ये नसबंदीचं प्रमाण कमी, त्यामुळे तिथल्या विमा कंपनीच्या नोंदींतून छान चित्र मिळालं: नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश माद्यांना दहा वर्षांच्या होईपर्यंत हा आजार झाला. हीट (माज) होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी कुत्री सुस्त होते, खूप पाणी पिते, कधी मागून घाण वास येणारा स्राव येतो, कधी काहीच बाहेर येत नाही आणि आतल्या आत विष पसरतं, मग म्हाताऱ्या आजारी कुत्रीवर रात्री-अपरात्री तातडीचं ऑपरेशन करावं लागतं. स्तनाच्या गाठींबद्दल जुना अभ्यास सांगतो की पहिल्या हीटच्या आधी नसबंदी केली तर धोका खूपच कमी होतो, पण २०१२ मध्ये सगळे अभ्यास परत तपासले तेव्हा हा पुरावा वाटला होता तेवढा भक्कम नाही असं निघालं. म्हणून मी त्या एका कारणावर घाई करायला सांगत नाही.

तोटेही आहेत आणि ते सांगणं माझं काम आहे. भूक वाढते आणि शरीराला कमी ऊर्जा लागते, खाणं मोजून दिलं नाही तर लॅब्रॉडॉर बघता बघता गोल होते. काही मोठ्या माद्यांना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, त्यावर गोळ्या आहेत. आणि सांधे: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरचा आणि २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास मांडला, त्यात दिसलं की बऱ्याच मोठ्या जातींत एक वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे आजार वाढतात, छोट्या जातींत तसं फारसं दिसत नाही. हाडांची वाढ थांबवायला हार्मोन लागतात, ते आधीच काढून घेतले तर हाडं जरा जास्तच लांबतात. म्हणून सहा महिने झाले की सरसकट सगळ्यांना टेबलावर घ्या हे मला पटत नाही.

तुमच्या लॅबसाठी माझं मत असं: वाढ पूर्ण होऊ द्या, वर्ष-दीड वर्षाची झाली की दोन हीटच्या मधल्या काळात करून घ्या, तोवर हीटच्या दिवसांत तिला एक मिनिटही एकटी बाहेर सोडू नका. वडिलांना सांगा की निसर्गात तिने वर्षाला दोनदा पिल्लं घातली असती आणि त्यातली बरीचशी मेली असती, तो निसर्ग तर आपण केव्हाच बंद केलाय, आता तिचं आजारपण तरी टाळू. आणि ज्यांच्याकडे नर आहे आणि तो चावतो म्हणून नसबंदी करायची आहे त्यांनाही इथेच सांगते: भीतीने चावणारा कुत्रा नसबंदीने शांत होत नाही, कधी जास्त घाबरट होतो. शंका असेल तर कातडीखाली बसवायचं हार्मोनचं इम्प्लांट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर परिणाम राहतो, वागण्यात काय फरक पडतो ते आधी बघून घेता येतं.

प्रश्न: आमचा बीगल दिवसभर भुंकतो, शेजारी तक्रार करतात. आवाज कमी करायचं ऑपरेशन असतं असं कळलं. करावं का?

असतं. घशातल्या स्वरपट्ट्या कापतात. कुत्रा भुंकायचा थांबत नाही, फक्त घोगरा, खोकल्यासारखा आवाज येतो, आणि बऱ्याच वेळा काही महिन्यांनी आवाज परतही येतो. आत व्रण वाढून श्वासाची वाट अरुंद झाली तर मग खरं संकट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१० मध्ये यावर बंदी घातली, वैद्यकीय कारण असेल तेवढी सूट ठेवून.

तुम्ही दिवसभर असं लिहिलंय, म्हणजे दिवसभर तो काय करत असतो? बीगल वास काढत मैलोनमैल फिरण्यासाठी घडवलेला कुत्रा आहे. तुम्ही बाहेर गेल्यावरच भुंकतो का ते मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बघा. तसं असेल तर ती एकटं राहण्याची भीती आहे, तिला ट्रेनिंग आणि कधी औषध लागतं. तुम्ही घरी असतानाही भुंकत असेल तर सकाळचा फेरफटका वाढवा, त्यात त्याला मनसोक्त हुंगू द्या, ओढून पुढे नेऊ नका, आणि खाणं वाटीत न देता घरभर लपवून द्या. पंधरा दिवस करा आणि मला परत लिहा.

प्रश्न: पगच्या नाकपुड्या मोठ्या करायचं ऑपरेशन व्हेटने सुचवलंय. हेही दिसणं बदलणंच झालं ना?

नाही, हे करून घ्या. त्याला श्वास घेता येत नाहीये. झोपेत घोरणं, थोडं चाललं की जीभ निळसर पडणं, उन्हात कोसळणं हे पगचं गोड वागणं नव्हे, तो गुदमरतोय. नाकपुड्या रुंद करतात आणि गरज असेल तर टाळूचा लांबलेला मऊ भाग कमी करतात, आणि तरुण वयात केलं तर जास्त फायदा होतो कारण नंतर स्वरयंत्राची कूर्चाही ढासळायला लागते. तोवर गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला, वजन उतरवा आणि दुपारचं फिरणं बंद ठेवा. ऑपरेशन ठरलं की भुलीनंतर तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार आहे ते व्हेटला विचारा, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेव्हाच जास्त धोका असतो.