तुझ्या वडिलांवरच्या कविता वाचून

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. कविता सावकाश वाचल्या. वर्षश्राद्धही झालेलं नाही, इतक्यात वडिलांवर लिहिणं बरं दिसेल का, असं तू विचारतोस. खुशाल लिही. मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या वहीत वडील वटवृक्ष आहेत, आभाळ आहेत, छत्र आहेत. हे कुणाच्याही वडिलांना चालेल. तुझे वडील मला दिसले ते पत्रात. बँकेत मृत्यूचा दाखला पुढे केलास, खिडकीतल्या बाईंनी ‘तुमचे कोण?’ विचारलं आणि तुझ्या तोंडून शब्दच फुटेना. हे कवितेत का नाही आलं?

तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग पुन्हा वाच. आईबापांच्या मरणाला तिथे अर्धीच ओळ आहे, ‘मायबाप सेखीं क्रमिलिया’. लगेच १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ, आटलेला पैसा, गेलेला मान, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, आणि पाठोपाठ धंद्यातली तूट. माणसं गेली आणि दुकान बसलं, हे एका दमात सांगितलंय. दुःख वेगळं काढून त्याची पूजा मांडलेली नाही. म्हणून तुझे वारसनोंदीचे हेलपाटे, दाखल्याच्या झेरॉक्स, हे सगळं कवितेत येऊ दे.

दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात, ‘बाप मेला न कळतां । नव्हती संसाराची चिंता’. पुढे बायको, पोर, आई, एकेक मरण येतं आणि प्रत्येक वेळी सूर सुटल्याचा. अंगावर काटा येतो. लांबलेल्या आजारपणानंतर तुलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं असेल. वाटलं असेल तर लपवू नकोस, त्याने तुझी माया कमी ठरत नाही.

तुकोबांना इंग्रजीत नेणाऱ्या दिलीप चित्र्यांची वडिलांवरची एक इंग्रजी कविता आहे. उशिराच्या लोकलने परतणारा बाप, भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट. घरी पाणचट चहा आणि शिळी पोळी. मुलं आपली गुपितं त्याला सांगत नाहीत. बाप जिवंत आहे, तरी एकटा. तुझ्या सगळ्या कवितांत एकटेपण तुझंच आहे. त्यांचं कसं होतं?

ते आईला विचार. घरात त्यांचा विषयच निघत नाही असं तू लिहिलंस, आणि मला कवितांपेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते. रात्री जेवणं आटोपली की तिच्याजवळ बस. निवृत्तीनंतर ते दुपारी काय करायचे, कुणाच्या फोनची वाट बघायचे, तिला ठाऊक असेल. तोवर वही मिटलेली राहिली तरी चालेल.

झोप लागत नाही म्हणतोस. हे असंच चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा नाही. आणि मला केव्हाही फोन कर, अवेळीसुद्धा.

तुझा,
सर