पहिला शोधनिबंध पाठवण्याआधी

तुझा एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध छापण्याजोगा आहे, घाबरू नकोस. फक्त तोच कापून-छाटून पाठवू नकोस. पहिल्यांदा बहुतेक जणी हीच चूक करतात. त्यातला एकच प्रश्न निवड आणि त्याभोवती नव्याने लिही.

आधी जर्नल ठरव, मग लिहायला बस. त्याचे वर्षभराचे अंक चाळ. स्तनपान, प्रसूतीपूर्व तपासणी असे तुझे विषय तिथे येतात का बघ. लेखकांसाठीच्या सूचना छापून शेजारी ठेव. शब्दमर्यादा मोडली किंवा समीक्षकासाठीच्या निनावी प्रतीत लेखकांची नावं तशीच राहिली, एवढ्यावरूनही लेख समीक्षकापर्यंत न जाता परत येतो.

यात मात्र तडजोड नको:

- एथिक्स कमिटीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधीचीच हवी. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणीही पहिल्या सहभागीच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही.
- लेख एका वेळी एकाच जर्नलला पाठव.

‘४ दिवसांत छापतो, पैसे भरा’ अशा मेलला उत्तरच देऊ नकोस.

‘मेजर रिव्हिजन’ म्हणजे लेखात मोठे बदल करायला सांगणं, नकार नव्हे. मला तो शब्द वाचून रडू आलं होतं, पण तोच लेख पुढे छापून आला. प्रत्येक शेऱ्याला क्रमाने, शांतपणे उत्तर दे.

इम्पॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्याचं, नंतर बघू. आधी सारांश लिहून मला पाठव, रविवारी वाचते.