स्विचचा पोर्ट: तो की ते, आणि 'बंदर' का नको

प्रश्न असा आहे: ऑफिससाठी नेटवर्क स्विच घ्यायचा आहे आणि खरेदीचा मसुदा मराठीत करायचा आहे. त्यात कुणीतरी 'स्विच'साठी 'कळ' आणि 'पोर्ट'साठी, म्हणजे केबल लावायच्या जागेसाठी, 'बंदर' लिहिलंय. हे चालेल का? शिवाय 'तो पोर्ट' म्हणायचं की 'ते पोर्ट'?

'बंदर' नकोच. लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दरवाजा आणि पोर्टुस म्हणजे बंदर. इंग्रजीत येता येता दोन्हींचं 'पोर्ट' झालं. यंत्रावरचा पोर्ट दरवाजाच्या घराण्यातला आहे. त्या हिशेबानं 'द्वार' अर्थाला धरून आहे, पण रॅकपुढे उभा असलेला माणूस 'सातव्या द्वारात केबल लाव' असं कधीच म्हणणार नाही. पोर्टच लिहा. 'कळ' दाबायची असते, हा स्विच दाबायचा नसतो. आलेल्या डेटावरचा पत्ता वाचून तो नेमक्या पोर्टातून बाहेर काढायचा, हे त्याचं काम. रेल्वेचा सांधा गाडीला हव्या त्या रुळावर घालतो तसं. 'सांधा' हा शब्द मला मनापासून आवडतो, तरी मसुद्यात 'स्विच'च राहू द्या, दुकानदाराला तोच कळेल.

लिंगाबद्दल माझं मत पुल्लिंगाकडे. 'पोर्ट जळालं' असंही कानावर येतं, पण नपुंसकलिंग धरलं तर नियमानं अनेकवचन 'पोर्टे' किंवा 'पोर्टं' व्हायला हवं. 'चोवीस पोर्टं' कुणी म्हणत नाही. पुल्लिंगात कागद, दगड यांच्यासारखं एक पोर्ट, चोवीस पोर्ट असं सरळ चालतं. 'पोर्टला' आणि 'पोर्टाला' दोन्ही बरोबर. 'स्टेशनवर' आणि 'स्टेशनावर' आपण दोन्ही म्हणतोच की.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. 'पोर्ट क्रमांक 443' हा पेटीवरचा पोर्ट नव्हे. तो सॉफ्टवेअरमधला आकडा आहे आणि असे आकडे 0 ते 65535 पर्यंत असतात. म्हणून केबल लावायच्या जागेला 'पाचवा पोर्ट' किंवा 'पाच नंबरचा पोर्ट' म्हणावं आणि 'पोर्ट क्रमांक' हे शब्द त्या आकड्यांसाठी ठेवावेत.

खरी काळजी घ्यायची ती छोट्या शब्दांची. पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची सोय. 'सर्व पोर्ट पीओई' एवढंच लिहिलं, तर त्या केबलमधून कॅमेऱ्याला किंवा फोनला किती वीज मिळणार ते कळत नाही. 802.3एटी या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टावर 30 वॅटपर्यंत देऊ शकतो. 24 पोर्टांचे 720 वॅट होतात, पण अशा स्विचची एकूण क्षमता पुष्कळदा 370 वॅटच असते. म्हणजे पूर्ण 30 वॅट एका वेळी बाराच पोर्टांना मिळतील. तेव्हा 'प्रत्येक पोर्टाला कमाल 30 वॅट' आणि 'सर्व पोर्ट मिळून इतके वॅट' ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा. इथे 'पोर्टमागे 30 वॅट' टाळलेलं बरं, वाचणारा पेटीच्या मागच्या बाजूला बघायचा.

फायबर केबल जोडायचं छोटं मॉड्यूल (एसएफपी) सरकवायच्या रिकाम्या जागेला मी 'एसएफपी खोबण' म्हणेन. डोळ्याची असते तीच खोबण, आणि इथे ती चपखल बसते. पण '24 पोर्ट, 4 एसएफपी' या स्वल्पविरामात घोटाळा आहे. काही स्विचवर खोबणी जादा असतात. काहींवर खोबण आणि शेजारचा तांब्याच्या केबलचा, म्हणजे आरजे-45 चा, पोर्ट मिळून एकच जागा धरली जाते आणि दोन्हींपैकी एकच चालतो. मराठीत यावर नेमका शब्द आहे, 'शिवाय'. मसुद्यात असं लिहा: 'आरजे-45 चे 24 पोर्ट आणि त्यांशिवाय एसएफपीच्या 4 स्वतंत्र खोबणी, सर्व 28 एकाच वेळी चालू राहिले पाहिजेत.'