डिझेल मुरते कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ४५ एचपीच्या ट्रॅक्टरवर दोन फाळी पलटी नांगर चालवतो. यंदा एकरी डिझेल वाढले. धूर काळा नाही, इंजिन खेचते. मेस्त्री म्हणतात, पंपातून डिझेल कमी करून देतो. करून घ्यावे का?
– ट्रॅक्टरमालक, बार्शी

उत्तर : नको. धूर काळा नाही आणि ताकदही आहे, म्हणजे पंप-नोझलवर एवढ्यात संशय घ्यायचे कारण नाही. पंपाचे सील तोडून डिझेल कमी केले की ओढ कमी होते. मग तेच रान खालच्या गिअरमध्ये नांगरावे लागते, तास वाढतात आणि एकरी हिशेब होता तिथेच येतो.

आधी मागची चाके किती घसरतात ते मोजा. टायरवर खडूने ठळक रेघ ओढा. नांगर उचललेला ठेवून त्याच रानात चाकाचे १० फेरे होईपर्यंत चाला. सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोकून अंतर मोजा. मग त्याच गिअरमध्ये, नांगर नेहमीच्या खोलीवर लावून, पुन्हा १० फेरे. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३० भरले तर घसर २५ टक्के. म्हणजे चार फेऱ्यांतला एक फेरा नुसता माती उकरण्यात गेला. नांगरटीला १० ते १५ टक्के घसर चालते. ती शून्यावर आणायच्या नादी लागू नका. त्यासाठी इतके वजन लादावे लागते की ते वाहण्यातच डिझेल जाते, शिवाय जमीन दबते.

घसर जास्त निघाली तर टायरचे लग (माती धरणारे उंचवटे) झिजलेत का, दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का ते पाहा. फाळ बोथट असेल तर नांगराला ओढ जास्त लागते. बदलायला आळस करू नका. तरीही फरक पडला नाही तर टायरमध्ये पाणी भरा. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी येऊ द्या. साधारण पाऊण टायर भरतो. उरलेल्या जागेत हवा मारा. १३.६-२८ च्या टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसते, म्हणजे तेवढेच किलो वजन. ट्रॉलीचा हंगाम लागला की काढून टाका; रस्त्यावर ते फुकटचे ओझे.

आणि काळ्या रानात वाफसा (मशागतीला योग्य ओल) येण्याआधी शिरू नका. तिथे पाणी भरलेले टायरही गरगरतात.

प्रश्न : घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली तर डिझेल वाचते, असे जुने ड्रायव्हर सांगतात. खरे आहे का?
– ट्रकमालक, नाशिक

उत्तर : उलटे आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिन फिरवतात आणि डिझेल तुटते. जुन्या पंपात हे काम गव्हर्नर (डिझेलचे प्रमाण सांभाळणारा भाग) करतो, नव्या कॉमन रेल गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल चालूच राहते. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाहीत. कसाऱ्यासारख्या उतारावर भरलेली गाडी असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) वापरा. डिझेल वाचवायचेच असेल तर लोडिंगच्या रांगेत इंजिन बंद ठेवा.

प्रश्न : बॅरलमधले डिझेल वापरल्यापासून फिल्टर लवकर चोक होतो.
– शेतकरी, कोपरगाव

उत्तर : पाणी आणि गाळ. बॅरल सावलीत, थोडा तिरका ठेवा. हातपंपाची नळी तळापासून तीन-चार इंच वर राहू द्या. खालचे डिझेल टाकीत घालू नका. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी काम संपल्यावरच भरा. रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ रात्री थंड होऊन पाणी होते. फिल्टर बदलल्यावर ब्लीडिंग स्क्रू (आत अडकलेली हवा काढायचा) सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारा, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. मग सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा बघा. सेकंदाला एक थेंब गळला तर २४ तासांत ४ लिटरच्या वर जाते.