वाचकांचे प्रश्न : लांडगा, परवाना आणि चोरटी गोळी

प्रश्न : अमेरिकेत लांडग्यांची संख्या पुन्हा वाढली, त्यावरून तेथील शिकाऱ्यांमध्येच फूट पडली आहे, असे वाचनात आले. निसर्गप्रेमी एका बाजूला आणि शिकारी दुसऱ्या बाजूला, हे समजू शकते. पण शिकारी आपसात नेमके कशावरून भांडतात?

उत्तर : लांडगा हवा की नको, एवढ्यापुरता हा वाद असता तर तो केव्हाच शिळा झाला असता. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील शेवटचे लांडगे १९२६ साली सरकारी माणसांनीच मारले. १९७४ मध्ये लांडग्याला धोक्यातील प्रजातींच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये व ३५ लांडगे मध्य आयडाहोत सोडण्यात आले. मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंग या तीन राज्यांत मिळून किमान ३०० लांडगे व पिल्ले वाढवणाऱ्या ३० जोड्या सलग तीन वर्षे टिकल्या की पुनर्स्थापना यशस्वी मानायची, असे ठरले होते. हे उद्दिष्ट २००२ सालीच पूर्ण झाले. त्यानंतर मात्र संरक्षण काढायचे, न्यायालयाने ते पुन्हा लागू करायचे, असा खेळ २००८ ते २०१० या काळात चालला, आणि अखेर २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पी विधेयकाला एक कलम जोडून मोंटाना व आयडाहोतील लांडगे राज्यांच्या हवाली केले. वायोमिंगचा घोळ २०१७ पर्यंत मिटला नाही.

पहिली फूट इथे पडली. ज्यांच्या मनात लांडग्याविषयी वैर नव्हते, अशा कितीतरी शिकाऱ्यांना वाटले की आपण शब्द पाळला, पण न्यायालयात गेलेल्या निसर्गप्रेमींनी मात्र तो फिरवला. उलट बाजूचे शिकारी म्हणतात की ३०० हा आकडा किमान मर्यादा म्हणून ठरला होता; संख्या खाली ओढून तिथे नेऊन ठेवण्यासाठी तो कोणी लिहिला नव्हता. माझ्या मते दोघांचेही म्हणणे कागदोपत्री बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद कागदपत्रे दाखवून मिटत नाही.

दुसरा मुद्दा एल्क या मोठ्या हरणाचा. यलोस्टोनच्या उत्तर भागातील एल्कचा कळप १९९०च्या दशकाच्या मध्यास सुमारे १९,००० होता, तो २०१३ पर्यंत ४,०००च्या खाली आला. ही घट डोळ्यांदेखत झाली असल्याने त्या भागातील शिकाऱ्याला लांडग्याशिवाय दुसरा आरोपी दिसत नाही, यात नवल नाही. पण त्याच काळात अस्वले व प्यूमा (पहाडी सिंह) वाढले, दुष्काळ पडला, आणि उद्यानाबाहेर उतरणाऱ्या एल्क माद्यांच्या शिकारीचे परवाने मोंटाना राज्यानेच सढळ हाताने वाटले होते. आयडाहोच्या लोलो भागातील एल्क तर लांडगे येण्याआधीपासूनच कमी होत होते. जुन्या वणव्यांनंतर मोकळ्या झालेल्या डोंगरउतारांवर पुन्हा दाट जंगल माजले व चारा आटला. त्यात १९९६-९७चा कडक हिवाळा आला. लांडग्यांनी त्या कळपाला सावरू दिले नाही, असे म्हणता येईल. त्यांनी तो संपवला, असे म्हणता येणार नाही. अनुभवी शिकारी हा फरक जाणतात, पण चारचौघांत तो बोलून दाखवण्याची किंमत प्रत्येकाला परवडत नाही.

यामागे पैशाचाही हिशेब आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली, बंदुका व काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव कामासाठी वापरला जातो. त्यामुळे ‘जंगल आमच्या पैशावर जगले’ ही भावना खोलवर रुजलेली आहे. त्यावर, हा कर सगळ्याच वन्यजीवांसाठी आहे, केवळ एल्कची पैदास करण्यासाठी नव्हे, असे उत्तर देणारेही शिकारीच असतात.

तिसरी फूट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती शिकारीच्या रीतीवरून आहे. प्राण्याला निसटण्याची रास्त संधी असली पाहिजे, हा दंडक बून अँड क्रॉकेट क्लबसारख्या जुन्या संस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपला. २०२१ मध्ये मोंटानाने खासगी जमिनीवर रात्री कृत्रिम उजेडात शिकार, आमिष आणि गळफास यांना मुभा दिली व एका माणसाला वर्षाला वीस लांडग्यांपर्यंत मर्यादा वाढवली. आयडाहोने संख्येचे बंधनच काढले; त्या विधेयकाला राज्याच्या वन्यजीव आयोगाचाच विरोध होता. वायोमिंगच्या सुमारे ८५ टक्के भूभागात तर लांडगा मारायला परवानाही लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच भागात एकाने स्नोमोबाइलने लांडग्याला चिरडून जखमी केले, त्याच्या तोंडाला चिकटपट्टी बांधून त्याला जिवंतच दारूच्या गुत्त्यात आणले आणि नंतर मारले. त्यावेळी त्याला झालेला दंड २५० डॉलरचा होता, आणि तोही जिवंत वन्यप्राणी बाळगल्याबद्दल. या प्रकारावर जे तुटून पडले त्यांत शिकारी मोठ्या संख्येने होते.

प्रश्न : कायदेशीर शिकार खुली केली की लोकांचा राग शमतो आणि चोरटी शिकार आपोआप कमी होते, असे म्हणतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : हा दावा इतका सरळ वाटतो की तो बराच काळ कोणी तपासलाच नाही. विस्कॉन्सिनच्या माहितीवर आधारलेल्या २०१५ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष दाव्याला अनुकूल होता : धोरण सतत हेलकावे खात राहिले आणि पशुपालकांच्या हातातील उपाय वारंवार काढून घेतले गेले, तेव्हा बेकायदा हत्या वाढल्या. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन व मिशिगनच्या आकड्यांवरून दुसऱ्या संशोधकांनी नेमके उलटे मांडले. सरकारने लांडगे मारण्याची मुभा दिली त्या काळात, कायदेशीरपणे मारलेले लांडगे वजा केल्यावरही, वाढीचा वेग मंदावलेला दिसला. सरकारच मारते म्हटल्यावर लोकांना लांडग्याचे मोल कमी वाटू लागले असावे, असा त्यांचा तर्क. टीकाकारांनी लगेच विचारले की जागा भरत आली की वाढ तशीही मंदावते, त्याचे काय?

खरी अडचण मोजण्याची आहे. रेडिओ कॉलर घातलेला लांडगा काही तास हलला नाही की कॉलर मृत्यूचा वेगळा संकेत पाठवते, आणि कर्मचारी तिथवर पोहोचू शकतात. चोरट्या शिकाऱ्यालाही हे ठाऊक असते. तो आधी कॉलर निकामी करतो, आणि मग नोंदीत उरते ते एवढेच की अमुक तारखेपासून संकेत बंद. बॅटरी संपली, की लांडगा दूर निघून गेला, की पुरला गेला? स्वीडन व नॉर्वेतील लांडग्यांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा हिशेब जुळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एकूण मृत्यूंपैकी सुमारे निम्मे चोरट्या शिकारीचे निघाले आणि त्यांतील दोनतृतीयांश कोणाच्या नजरेसही आले नव्हते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात ‘गोळी घाला, पुरा आणि गप्प बसा’ हे वाक्य उघडपणे उच्चारले जाते, ते उगाच नव्हे.

विषाचा मार्ग तर याहून वाईट. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओरेगनच्या पूर्व भागात पोलिसांना कॅथरीन कळपाचे पाच लांडगे मेलेले सापडले, आणि त्यांच्या जवळच एक मेलेला मॅगपाय पक्षी. पुढच्या महिन्यात त्याच परिसरात आणखी एक लांडगा मिळाला. त्याच्या आसपास स्कंक हा छोटा प्राणी आणि पुन्हा एक मॅगपाय. त्या वर्षी तिथे विषाने मेलेल्या लांडग्यांची संख्या आठ झाली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर पुराव्यानिशी देता येत नाही. माझे मत मात्र स्पष्ट आहे : शिकारीचा हंगाम ठेवायचा असेल तर तो लांडग्यांची संख्या, पशुधनाचे नुकसान अशा कारणांवर ठेवावा. चोराला खूश ठेवण्यासाठी हंगाम ठेवला, तर किती लांडगे मारायचे हे अखेर चोरच ठरवणार. नियम पाळणाऱ्या शिकाऱ्यांनाही हा युक्तिवाद टोचतो, कारण त्यात त्यांची आणि चोरट्यांची गणना एकाच माळेत होते.

प्रश्न : बेकायदा लांडगा मारणारा पकडला गेला तर शिक्षा होते का?

उत्तर : कायद्यात धोक्यातील प्रजातीसाठी एक वर्षापर्यंत कैद आणि ५०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. प्रत्यक्षात मात्र पहिल्याच खटल्याने मोठी पळवाट निर्माण केली. एप्रिल १९९५ मध्ये, यलोस्टोनमध्ये लांडगे सोडल्यावर जेमतेम महिनाभरात, १० क्रमांकाचा नर मोंटानातील रेड लॉज गावाजवळ मारला गेला. मारणाऱ्याने त्याचे कातडे व डोके काढून घेतले आणि कॉलर पाण्यात टाकून दिली. त्याची मादी, क्रमांक ९, त्याच सुमारास जवळच व्याली होती; तिला आठ पिल्ले झाली, आणि त्या सर्वांना उचलून उद्यानात परत न्यावे लागले. आरोपीने कुत्रा समजून गोळी झाडल्याचा बचाव केला. तो दोषी ठरला, वरच्या न्यायालयानेही त्याला दोषी ठरवणे योग्य मानले; पण १९९९ पासून केंद्रीय न्याय विभागाने असे धोरण धरले की मारलेला प्राणी कोणता आहे हे आरोपीला माहीत होते, हे सिद्ध करता येत असेल तरच खटला भरायचा. परिणामी ‘मला तो कायोटी (लांडग्यासारखा दिसणारा लहान प्राणी) वाटला’ हे वाक्य अनेकदा पुरेसे ठरते. आपण कशावर नेम धरला आहे याची खात्री असल्याशिवाय चाप ओढू नये, हा शिकारीच्या प्रशिक्षणातील पहिला धडा असताना त्याच्या उल्लंघनालाच बचाव मानावे, याची चीड येणारे शिकारी थोडे नाहीत.

प्रश्न : विस्कॉन्सिनमध्ये तीन दिवसांत दोनशेवर लांडगे मारले गेले, ते कायदेशीर होते का? आता तिथे शिकार चालू आहे का?

उत्तर : कायदेशीरच होते. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय संरक्षण उठले. राज्याच्या वन्यजीव विभागाला हंगाम नोव्हेंबरमध्ये घ्यायचा होता, पण एका शिकारी संघटनेने न्यायालयात जाऊन तो फेब्रुवारीतच घ्यायला लावला. तो लांडग्यांच्या समागमाचा काळ, शिवाय ताज्या बर्फात माग काढणे सोपे. मारायला परवानगी असलेल्या एकूण २०० पैकी ८१ लांडग्यांचा वाटा ओजिब्वे या मूळनिवासी जमातींचा होता आणि ते लांडग्याला भाऊ मानत असल्याने त्यांनी एकही मारला नाही. उरलेल्या ११९ च्या जागी, बहुतेक शिकारी कुत्र्यांच्या मदतीने, २१८ मारले गेले, कारण हंगाम बंद करण्यासाठी २४ तासांची पूर्वसूचना देणे बंधनकारक होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने संरक्षण पुन्हा लागू केले आणि शिकार थांबली. राज्याच्या २०२३ च्या नव्या आराखड्यातून राज्यात किती लांडगे असावेत यासाठीचा ३५० हा जुना आकडा वगळण्यात आला, आणि तेथील शिकारी संघटना आता ठरावीक आकडा परत मिळवण्यासाठी झगडत आहेत.